पूजेत बसवलेला व्हिडिओ गेम

व्हिडिओ गेमचा विषय निघालाय तर ऐका. दसऱ्याला बाबा पुण्याहून आमच्याकडे, इथे परदेशात माउंट रॉस्किलला आले होते. सकाळीच माझ्या मुलीला म्हणाले, "रेवा, तुझा गेमचा कंट्रोलर पूजेत ठेव. पूजेतल्या वस्तूला आज हात लावायचा नाही."

मला हसूच फुटलं. लहानपणी माझा व्हिडिओ गेम त्यांनी असाच पूजेत बसवला होता. मागायला गेलो की म्हणायचे, "अजून पूजा हलवलेली नाही."

रेवाने कंट्रोलर निमूट ठेवला, आणि शेजारी बाबांचा फोनही. वर झेंडूचं फूल.

"अगं, फोन कशाला?"

"इट्स युअर वेपन, आजोबा. यू फाइट ऑल डे."

खोटं काय त्यात? अमेरिकेच्या निवडणुकीवरून बाबा पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर भांडत असायचे. त्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क ग्रुपवर एकालाही नव्हता!

पण नियम त्यांचाच. दुपारभर देवासमोर नुसत्या येरझाऱ्या. चहाला बसल्यावर मला हळूच म्हणाले, "तुझा गेम मी परत कधी दिला होता रे?"

"दिवाळी झाल्यावर."

त्यांनी कप खाली ठेवला, देवासमोरच्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाले, "फारच झालं की रे ते."