भावकीची भरती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या साखर कारखान्याचे माननीय मॅनेजरसाहेब, इंदापूरहून आवर्जून आलेले मामलेदारसाहेब, व्यासपीठावरील चीफ इंजिनिअरसाहेब, समोर बसलेले माझे सोबती, फोरमन आणि कारकून मंडळी, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या कोऱ्हाळ्याच्या, वडगाव निंबाळकरच्या माझ्या आयाबहिणींनो,

आपण मला शाल दिलीत, हार घातलात, आणि इतकं गोड बोललात की हे कुणाविषयी चाललंय म्हणून मीही इकडंतिकडं बघत होतो. मी आभारी आहे. भरती खात्यातून आज मला निरोप, आणि उद्यापासून मी कामगार कल्याण अधिकारी. कायद्यानं मोठ्या कारखान्यात असा एक माणूस ठेवावाच लागतो. आपण ठेवला. स्टोअरच्या मागं मला एक टेबल, एक खुर्ची आणि कामगारांच्या कल्याणासाठी एक कॅरम बोर्ड मिळालाय. सोंगट्या अजून यायच्या आहेत.

माझ्या भरतीच्या पद्धतीचं मॅनेजरसाहेबांनी आत्ताच तोंड भरून कौतुक केलं. ती पद्धत जरा उलगडून सांगू का? कारखाना नवा होता तेव्हा बॉयलरवर उभं राहायला माणूस मिळत नव्हता. मिळाला तर खुरपणीला पळायचा, सुगीला पळायचा, जत्रेला तर न सांगताच पळायचा. मग एकेकटा माणूस घेणं मी सोडलं. गावात जायचं, भावकीतला जाणता माणूस गाठायचा आणि त्याच्याकडून सगळी पोरं एकदम घ्यायची. एखादा पळालाच तर त्याचा चुलता त्याला परत आणून सोडणार, ही खात्री.

वडगावची बॉयलरवरची माणसं अशीच आली. गेणबातात्या हे त्यांचे थोरले चुलते. मारुतीच्या पारावर नारळ फोडून त्यांनी पुतणे माझ्या हवाली केले. म्हणाले, "दत्तोबा, पोरं आता तुमची. पळाली तर मला सांगा, आन् काय दुखलंखुपलं तरी बी मलाच सांगा." पुढं त्यांचा एक पुतण्या, कुंडलिक, खरंच जत्रेच्या नादानं पळाला, तर तात्यांनी त्याला बैलगाडीत घालून फाटकावर आणला. त्या दिवशी साहेब स्वतः खाली उतरले होते. तात्यांना त्यांनी आपल्या खोलीत बसवून चहा दिला होता. साहेबांना आठवत असेल.

गेल्या पंधरवड्यात गेणबातात्या वारले. पुढचं आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण मामलेदारसाहेब पाहुणे आहेत म्हणून सांगतो. सांगावा आला तेव्हा ऐन गाळप चालू होतं. तात्यांचा मोठा पुतण्या सर्जेराव हा बॉयलरचा म्होरक्या. त्यानं फोरमनला सांगितलं, आग उतरवली आणि भावांना घेऊन तो वडगावला गेला. तिसऱ्या दिवशी राख सावडेपर्यंत भावकीतला माणूस कामाला हात लावत नाही, हे या मांडवात कुणाला ठाऊक नाही? बॉयलरवर बदली माणसं नव्हतीच, कारण सगळी एका घरची. कारखाना बंद पडला, गाड्यांमधला ऊस वाळला. नुकसान झालं. मी कुठं नाही म्हणतोय?

राख सावडून ती माणसं कामावर आली, तर फाटक बंद. हुकूम असा की प्रत्येकानं लेखी माफी मागावी, मगच आत यावं. आणि ती माफी लिहून आणायची कुणी? नव्या कल्याण अधिकाऱ्यानं. खुर्चीवर बसायच्या आधीच मला हे पहिलं काम मिळालं.

गेलो. नोकरी आहे, जावं लागलं. सर्जेराव मला शांतपणे म्हणाला, "आबा, माझ्या हातनं वाफ वाया गेली आसती, कुणी भाजलं आसतं, तर तुमच्या पाया पडलो आसतो. चुलत्याला खांदा दिला, त्याची माफी कुणाकडं मागायची?" त्याची आई दगडाबाई, त्या बघा तिथं मागं बसल्यात, मला एवढंच म्हणाल्या, "तुमी आमची पोरं न्हेली तवा भावकी बघूनच न्हेली न्हवं?" मी मान खाली घालून परत आलो. दुसरं काय करणार होतो?

मंडळी, मला वैताग आलाय. पळालेल्याला धरून आणायला भावकी हवी, आणि मयताला मात्र ज्यानं त्यानं रजेचा अर्ज करून जावं, हा कुठला न्याय? माणूस आत आणायचा होता तेव्हा माझा शब्द चालत होता. तोच माणूस आत टिकवायचा म्हटलं, तर माझ्या हातात कॅरम बोर्ड. आठवडाभर मी साहेबांच्या दाराबाहेर बसलो. समारंभानंतर बघू, असं उत्तर मिळालं. गळ्यात हार असताना असं बोलू नये, मला कळतं. पण हार घातल्याशिवाय या लाउडस्पीकरसमोर मला कुणी उभंही केलं नसतं.

असो. मामलेदारसाहेब एवढ्या लांबून आले, मांडव घालणाऱ्यांनी आणि चहापाणी करणाऱ्यांनी सकाळपासून राबणूक केली, आपण सगळे इतका वेळ बसलात, सर्वांचे मनापासून आभार.

शेवटी वक्त्यानं बोलण्यातल्या उण्याअधिकाची क्षमा मागायची असते. सर्जेरावनं माफी मागितलेली नाही, तो मागणार नाही, आणि माग असं मी त्याला सांगणार नाही. पण कारखान्याला कुणाची तरी माफी हवीच आहे. तर साहेब, भावकीच्या भावकी भरती केली ती मी. एवढ्या लोकांसमक्ष मी आपल्यापुढं हात जोडतो. ही माफी घ्या आणि फाटकाबाहेर बसलेल्या त्या माणसांना आत घ्या. आपण हो म्हणेपर्यंत मी हे हात सोडत नाही, आणि खालीही बसत नाही.