हरणांसाठी मका

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या दातांच्या दवाखान्यात अस्मी सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारचं जोडपं मोबाइलवर पेरणी यंत्रं बघायला लागलं आणि तिचे कान टवकारले.

"कुंदा, गावच्या मिनी ट्रॅक्टरला हे दोन ओळींचं बसेल."

"हरणांना मका पेरायला एवढं कशाला? एका ओळीचं घ्या आणि विषय संपवा."

"त्यांचं पोट मक्यावर भरलं, की आपल्या सोयाबीनला तोंड लावणार नाहीत."

"असं हरणांनी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केलंय का?"

"यूट्यूबवर दाखवलंय."

"बरं, मका पेरणार कुठे?"

"दिगंबरच्या बांधाला लागून."

"तुमचा चुलत भाऊ? आपण इकडे दुबईत, म्हणून दरवर्षी बांध आपल्या शेतात सरकवतो तो?"

"तोच."

"अहो, पण बांधापलीकडे त्याचा मूग असतो. हरणं तिकडेही घुसतील."

"घुसतील बिचारी. हरणांना कुठे बांध कळतो?"

"दिगंबरभाऊजींना तरी कुठे कळतो."

नर्सने अस्मीचं नाव पुकारलं. तिने मागचा नंबर असलेल्या काकांना हातानेच पुढे जायची खूण केली.

"अहो."

"काय?"

"तीन ओळींचं नाही का मिळत?"