कार्ड? ते युअर मॅनला दिलं!

...नाही, तुम्हीच सांगा मला! एकाच टेबलावर बसून, एकाच पेनाने नवरा-बायकोने अर्ज भरले, दोघांना एकाच सकाळी ‘अभिनंदन, तुमचा अर्ज मंजूर झाला, कार्ड पोस्टाने येईल’ म्हणून ईमेल आला, आणि मग नवऱ्याचं कार्ड येतं अन् बायकोचं येत नाही, हे कसं काय? एकाच घराचा पत्ता, एकच दार, एकच फट दाराला! मी काही संशयी बाई नाही हं, आधीच सांगून ठेवते. पण...

कार्ड म्हणजे आयर्लंडमध्ये कायमचं राहायचं कार्ड. इतकी वर्षं या मलिंगारमध्ये पावसात कपडे वाळवले, त्याचं फळ म्हणा. आणि आमच्या सुश्रुतचं आलं ना, तर त्याने काय करावं? कार्डाला प्लॅस्टिकचं पाकीट आणलं. मीटिंग चालू असते, कॅमेरा बंद, आणि हा हळूच ते पाकीट काढून बघतोय. वर मला विचारतो, ‘स्नेहल, फोटो बरा आलाय ना गं?’ अरे, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला फोटोचं पडलंय!

टांगणीला का, ते ऐका. माझी आई पुण्यात एकटी. बाबा गेल्यापासून एकटीच. कोरोना आला, विमानं बंद झाली, दोन वर्षं मी आईला फक्त फोनवर बघितलंय, तेही अर्धं कपाळ आणि वरचा पंखा, कारण फोन कसा धरायचा हे तिला कोणी सांगितलेलं आवडत नाही. आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, दिवाळीनंतर. पहिले काही आठवडे धरून धरून चालवायला माणूस हवं. मी नाही तर कोण जाणार? आणि जायला मला कोणी अडवत नाही हो, जायचं तर आज जा! परत यायचं तर कार्ड दाखवा. जुनं संपलेलं, नव्याचा पत्ता नाही, आणि इकडे नवरा आणि लेक.

हे आईला समजावून बघा तुम्ही. मी बघितलं. म्हणाली, ‘म्हणजे तिथे कायमचं राहायचं कार्ड मिळालं, की मग तू इथे येणार?’ म्हटलं, हो. ‘उलटं नाही का गं हे?’ म्हटलं, आई, आहे उलटं, पण आहे. मग म्हणाली, ‘कायमचं म्हणजे... किती गं?’ मी विषय बदलला. पंख्याकडे बघून बोलत होते.

बरं, त्या इमिग्रेशनच्या ऑफिसला ईमेल करावा तर उत्तर काय, ‘कार्ड पोस्टात टाकलेले आहे.’ पुन्हा करा, ‘टाकलेले आहे.’ अहो, टाकलंय ते कळलं, पडलं कुठे? फोन करावा तर ते वाजवतात पियानो. इतका पियानो मी ऐकला, की आमची रेवा तो गुणगुणायला लागली. आमच्या मराठी ग्रुपमधली, मेनूथ गावची निहारिका, माझ्या कितीतरी मागून अर्ज केलेला तिने, तिचंसुद्धा आलं! ग्रुपवर फोटो टाकला, नंबरावर अंगठा ठेवून. आणि वर, ‘अय्या, तुझं अजून नाही? पोस्टमनला विचार ना!’ मी काही संशयी बाई नाही... पण ‘अय्या’ कोण म्हणतं हो हल्ली?

आईचा तर निकाल तयारच होता. ‘पोस्टमनला दिवाळीची पोस्त दिलीस का गं कधी?’ म्हटलं, आई, इथे पोस्त नसते. ‘सगळीकडे असते! आपल्याकडे एका वर्षी तुझे बाबा द्यायचे विसरले, तर संक्रांतीची भेटकार्डं शिमग्याला आली. दाबून ठेवलंय त्याने. बघ तू!’ मी हसले. हसले खरी, पण भाजणी मळताना तेच डोक्यात. सहा वर्षांत आपण त्या माणसाला साधी चकली दिली नाही... माणूसच आहे तोही... मनात राहिलं असेल त्याच्या!

आता अडचण अशी, की मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, सकाळी अंधारात बाहेर पडते. पोस्टमन येतो तेव्हा घरी फक्त सुश्रुत, वरच्या खोलीत, कानाला हेडफोन. तर मी दिवाळीची सुट्टी घेतली, स्टीलच्या डब्यात चकल्या भरल्या, चार बेसनाचे लाडू, चिवड्याची पुडी, आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. आला डेक्लन. डेक्लन त्याचं नाव. मास्क लावलेला, मी मास्क लावलेला, मी डबा कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि दोन पावलं मागे झाले, तसाच नियम होता ना तेव्हा. म्हटलं, ‘धिस इज पोस्त.’

तो म्हणाला, ‘राइट. व्हेअर इज इट गोइंग?’

म्हटलं, ‘टू यू!’

तर हा डबा उलटा करून पत्ता शोधायला लागला! ‘देअर इज नो स्टॅम्प ऑन इट, मिसेस.’ स्टॅम्प? चकलीला? मग त्याला सगळं सांगितलं, दिवाळी काय, पोस्त काय, माझे बाबा कसे विसरले... तो म्हणतोय, ‘आह, यू आर व्हेरी गुड, व्हेरी गुड,’ आणि सायकल हळूहळू पुढे सरकवतोय. मी म्हटलं, थांब बाबा, माझं कार्ड! ब्राउन पाकीट! इमिग्रेशनचं!

आणि तुम्हाला सांगते, तो माणूस अगदी सहज, चक्क म्हणाला, ‘दॅट? शुअर, आय गेव्ह दॅट टू युअर मॅन!’

युअर मॅन! तुमच्या माणसाला दिलं! म्हणजे? माझ्या नवऱ्याला! मी भिंत धरली. म्हटलं, कधी? ‘आह, वीक्स अगो. यू वेअर आउट. ग्रँड फेला, युअर मॅन. मायटी चॅट!’ झकास माणूस, गप्पा एक नंबर! सुश्रुत? गप्पा? लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्याशी बोलतो ते ‘हं’, ‘बघू’ आणि ‘चार्जर कुठाय’. म्हणजे दारात उभं राहून पोस्टमनशी मायटी चॅट, आणि घरात मौन! मी काही संशयी बाई नाही... पण इथे मला जरा घाम फुटला.

बरं, दाबून का ठेवेल तो? विचार करा ना! मी गेले की स्वयंपाक कोण करणार? रेवाच्या वेण्या कोण घालणार? आलं लक्षात? पण आधी पुरावा लागतो. रात्रंदिवस नजर ठेवली. सगळे प्रेस धुंडाळले, प्रेस म्हणजे इथे कपाट हो, छापखाना नव्हे. कोटाचे खिसे झाले, लॅपटॉपची बॅग झाली, पिठाच्या डब्यात हात घालून झाला. आणि तो वागायलाही लागला ना तसाच! मी खोलीत गेले की फोन ठेवतोय. एकदा जिन्यात उभी राहिले, तर आतून कुजबुज, ‘हो... झाकून ठेवलंय... नाही नाही, तिला नाही सांगितलं अजून... ती गेल्यावरच काढेन.’

झाकून ठेवलंय! ऐकलंत? राग बाजूला, मला रडू यायला लागलं. तिकडे आई गुडघा धरून दिवस मोजतेय आणि इकडे माझाच माणूस... मी तशीच आईला फोन लावला आणि सांगून टाकलं, सुश्रुतने कार्ड लपवलंय. झालं! आई म्हणाली, ‘मला वाटलंच होतं. फार कमी बोलणारी माणसं मला कधीच पटली नाहीत.’ आणि संध्याकाळपर्यंत ते पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या चेअरमनना, बाळासाहेबांना कळलं होतं. बाळासाहेबांनी मला मेसेज केला, ‘आम्ही सर्व तुमच्या पाठीशी आहोत.’ वर हात जोडलेले!

त्या दिवशी जेवायला बसलो, आणि मी भांडं आपटून म्हटलं, ‘कार्ड दे.’

‘कुठलं कार्ड?’

‘माझं! झाकून ठेवलेलं!’

‘अगं, झाकून तर खिचडी ठेवली होती,’ म्हणतो. ‘माझ्या आईकडून शिकतोय फोनवर. तू गेल्यावर रेवाला रोज पिझ्झा घालू का? तुला आधी सांगितलं असतं तर तू शेजारी उभी राहून शिकवलं असतंस, म्हणून...’ आणि खरंच हो, वर त्याच्या खोलीत, प्रिंटरच्या मागे, ताटलीखाली झाकलेली, करपलेली खिचडी! त्याने लपवून ठेवली होती.

मी म्हटलं, खिचडी राहू दे, डेक्लन म्हणाला, त्याने युअर मॅनला दिलं म्हणून! हा म्हणाला, ‘मॅन कोण? मी? मी त्या डेक्लनशी आयुष्यात बोललेलो नाही.’ आणि ते मात्र मला लगेच पटलं.

तेवढ्यात आमची रेवा, पोळीचा तुकडा हातात तसाच, हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी. ‘आई! युअर मॅन इझन्ट बाबा!’

म्हटलं, मग कोण? माझा माणूस म्हणजे बाबाच ना?

‘नो! युअर मॅन इज जस्ट... युअर मॅन. लाइक, सम फेला.’

‘म्हणजे कुणाचा माणूस?’

‘नोबडीज!’

कुणाचाच नाही! मग ‘युअर’ कशाला म्हणता रे? तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोरून सहा वर्षं सर्रकन गेली. लॅबमधली शॅरन रोज म्हणायची, ‘युअर मॅन इज लेट अगेन,’ आणि मी मनात, हिला काय माहीत, सुश्रुत उशिरा उठतो ते? एकदा म्हणाली, ‘युअर मॅन इज आफ्टर गेटिंग अ मोटरबाइक,’ म्हणजे नुकतीच घेतली म्हणे, तर मी घरी येऊन याच्याशी दोन दिवस अबोला धरलेला! याला आजपर्यंत कळलं नव्हतं का ते. त्या दिवशी कळलं.

रेवानेच उलगडा केला. ‘डेक्लन इज ऑल्वेज चॅटिंग टू फिंटन.’ फिंटन म्हणजे कोपऱ्यावरचे एकटे आजोबा, कुत्र्याबरोबर फाटकाशी उभे असतात, येईल-जाईल त्याच्याशी हवापाण्यावर बोलतात. मायटी चॅट! मी चपला घालून पळाले. फिंटन दार उघडून म्हणतात काय, ‘आह, युअर कार्ड! इट्स इन द हॉट प्रेस!’ हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, टॉवेल वाळायला ठेवतात ते. कोरोनाचे जंतू मरावेत म्हणून आलेलं प्रत्येक टपाल ते तिथे ठेवायचे. म्हटलं, अहो, मग मला सांगायचं तरी! तर म्हणाले, ‘शुअर, आय टोल्ड युअर मॅन टु टेल यू.’

मी डोळे मिटले. म्हटलं, फिंटन, हा युअर मॅन कुठला?

‘युअर मॅन विथ द पोस्ट!’

डेक्लन! सही लागणारं टपाल, बेल या हेडफोनवाल्याला ऐकू आली नाही, म्हणून डेक्लनने फिंटनला दिलं, फिंटनने डेक्लनला निरोप दिला, डेक्लनला वाटलं फिंटनने सांगितलं, आणि मी चकल्या देऊन माझ्या नवऱ्यावर पाळत ठेवली. कार्ड निघालं, दोन मोज्यांच्या मध्ये, धडधाकट, कोमट. फोटोत मी कोणावर तरी संशय घेतल्यासारखी दिसतेय.

घरी आले. सुश्रुतपुढे गेले, म्हटलं, चुकलं रे माझं. तो म्हणाला, ‘हं.’ मग त्याची ती करपलेली खिचडी मी पूर्ण खाल्ली. आणखी काय करणार?

आणि आईला फोन लावला. ‘आई, सापडलं! येतेय मी!’ आई रडायलाच लागली, पहिल्यांदा फोनमध्ये पूर्ण चेहरा दिसला तिचा. मग डोळे पुसून, ‘कुणाकडे होतं?’ मी आनंदाच्या भरात म्हणून गेले, ‘युअर मॅनकडे!’ ‘बघ! जावईबापूंकडेच!’ नाही गं आई, युअर मॅन म्हणजे कुणाचाच नाही... ‘पांघरूण घालू नकोस. मी काही संशयी बाई नाही, पण मला कळतं सगळं.’ बाळासाहेब विमानतळावर येणार आहेत म्हणे, माझ्या पाठीशी.

आणि फोन ठेवता ठेवता, अगदी साखर पेरल्यासारखा आवाज काढून म्हणाली, ‘स्नेहल, ते कार्ड आलीस की माझ्याकडे दे हं. माझ्या कपाटात ठेवते मी, सांभाळून. जायच्या वेळी... बघू शोधून.’

बघू शोधून? तुम्हीच सांगा... मी हो म्हटलं. काय करणार, आई आहे. फक्त सुश्रुतला विचारलंय, बाबा रे, आता पुण्यात मला कार्ड लपवावं लागणार, तू खिचडी लपवायला आणखी कुठे कुठे जागा बघून ठेवली होतीस?