पावडर लावून येऊ नये

अहो चिमाजीभाऊ, दुधाचा काही संबंध नाही त्याच्याशी! गेल्या खेपेला छातीच्या फिल्मवर कॅल्शियमचे कण दिसतात म्हटलं, की लगेच घरी जाऊन बायकोचं दूध बंद — काय? पानातला चुनासुद्धा? — कोणी सांगितलं हे? मी? मी फक्त कण दिसतात एवढंच म्हणाले. खाण्यापिण्याचे नसतातच ते. आजच्या आज चांगला दुधाचा चहा पाजा गोजराबाईंना, तोंड कसं उतरलंय त्यांचं बाहेर.

हे बघा, इकडे, उजेडावर बघा. मोठे, गोल, इकडेतिकडे पसरलेले कण असले ना, की मी दुसऱ्यांदा बघतसुद्धा नाही — वय झालं की येतात, कितीतरी बायकांना असतात. पण हे? एकाच जागी झुंबड, आणि एक दुसऱ्यासारखा नाही, तांदळाच्या चुरीसारखे. भिंगातून मोजले मी, अकरा. आता हे जुनेच असतील, तेवढेच असतील, तर फार घाबरायचं नाही. वाढले असतील तर सुई घालून तुकडा काढायचा, आणि तो कॅन्सर निघू शकतो — स्पष्टच सांगते. म्हणून तर दोन हजार दोनची फिल्म मागितली ना मी! फिल्म काढणाऱ्या आमच्या तृप्तीने दोनदा फोन केला तुमच्या शेजाऱ्यांकडे, आणि तुम्ही आलात हात हलवत. तुम्हा लोकांना फिल्मची किंमतच नाही. एकाने ग्रहण बघायला कापली, एकाने न्हाणीच्या खिडकीला लावली — सासूची छाती, खिडकीला! — आणि मी काय सगळ्या डोक्यात साठवून ठेवू?

रिपोर्ट? तेव्हाचा रिपोर्ट आहे की माझ्याकडे, सही माझीच आहे. 'त्वचेवरील पावडरचे कण, बाकी ठीक.' हो, दिसते पावडर फिल्मवर, अशीच दिसते — लेडी डॉक्टरकडे जायचं म्हणून बायका काखेपर्यंत थापून येतात, गोजराबाईही आल्या होत्या, तो वास अजून आठवतो मला. पुसून परत काढायची असते फिल्म. बाहेर पाटी आहे ना, पावडर लावून येऊ नये, ती त्यानंतरच लावली मी — म्हणजे त्यांच्यामुळे असं नाही. त्या दिवशी बाराला लाइट जाणार होती, बाकावर नऊ बायका, तुम्हाला दिंडोरीची बस गाठायची — हो, तुम्हीच घाई केलीत! केली होती ना? … नव्हती? बरं. आज दोनदा पुसलं तृप्तीने, ओल्या कापसाने. कण तिथेच.

आणि मघापासून त्या पिशवीत काय चाचपडताय? द्या इकडे. हे काय — लुगडं? लग्नातलं? आत काय — पाकीट. अहो, ही तर तीच… एक घडी नाही, ओरखडा नाही. मग मघाशीच का नाही दिलीत — हं. मी बोलू कुठे दिलं तुम्हाला.

थांबा. लावते उजेडावर.

एक. दोन. तीन… चार, पाच… सहा.

तिथेच आहेत. पावडर नाहीये ही, चिमाजीभाऊ. तेव्हाही नव्हती.

नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही फार नीट ठेवलीत. ते लुगडं घ्या. बाहेर बसा, मी बोलते गोजराबाईंशी, मीच बोलते — अहो, बाहेर बसा म्हणते ना! आणि जाताना ती दारावरची पाटी जरा —

राहू द्या. जा तुम्ही.