रेवतीचं विरजण

ऐका मंडळी, आज देवाच्या दारात नोकरीची गोष्ट! ज्याच्यावाचून काम अडतं तो माणूस मोलाचा, की ज्याच्या माघारीही काम चालू राहतं तो? उत्तराची घाई नको. आधी आख्यान ऐका.

एका दूधसंघात रेवती मगदूम दही लावायची. संघाच्या दह्याला गिऱ्हाईक होतं ते तिच्या हातामुळे. एके दिवशी बातमी आली — शहराजवळ नवी डेअरी होतेय. काही माणसं तिकडे जाणार, उरलेल्यांचं काही खरं नाही. रेवतीला नोकरीची काळजी लागली. मग तिनं उपाय शोधला. कोणता? आपलं काम कुणाला दाखवायचंच नाही! हाताखालची अस्मिता विचारायची, "ताई, दूध किती कोमट हवं?" ही म्हणायची, "अंदाजानं." आणि पाठ फिरवायची. लोक दुधात विरजण घालतात. ही दुसरीच्या शिकण्यावर घालत होती!

आणि उपाय लागू पडला हो! संघाचे व्यवस्थापक चौगुलेसाहेब, त्यांनी तिला बोलावलं. "तुमचं नाव तिकडे पाठवणार होतो. पण तुम्ही गेलात तर इथलं दही कोण लावणार?"

रेवती सुखावली. मग तिनं हळूच विचारलं, "इथलं दही कधीपर्यंत, साहेब?"

"नवी डेअरी सुरू होईपर्यंत."

कळलं का मंडळी? जिथं तिच्यावाचून अडत होतं, ती जागाच बंद होणार होती!

नव्या डेअरीसाठीची नावं सोमवारी जायची होती. रेवतीनं अस्मिताला पातेल्यापाशी नेलं, हाताची पाठ भांड्याला लावायला सांगितली. दूध फार गरम असलं तर विरजणातले जीव मरतात, गार असलं तर ते जागेच होत नाहीत — सगळं सांगितलं.

अस्मिता म्हणाली, "ताई, आज अंदाज कुठं गेला?"

"गप. हात लाव."

सोमवारी रेवतीच्या सांगण्यावरून साहेबांनी अस्मितानं लावलेलं दही मागवलं. रेवती दाराशी उभी. स्वतःच्या दह्याची धास्ती तिला कधी वाटली नव्हती. आज तिची भाकरी दुसरीच्या हातावर होती. साहेबांनी भांडं तिरपं केलं. दही हललं नाही.

"आता तुम्ही जायला मोकळ्या," ते म्हणाले. "इथलं आवरलं की हिलाही बोलावून घ्या. तिकडे अशी माणसं कमीच पडणार."

आता तुमच्याकडे वळते. माझ्याशिवाय ऑफिसात पान हलत नाही, असं कोण कोण मनात म्हणतंय? हात वर करू नका, चेहरे दिसतायत! उद्या साहेबांनी विचारलं, "तुमच्या जागी कोण?" — तर कुणाचं नाव घ्याल? आठवतंय एखादं? विठ्ठलाचं नाव घ्यायला आयुष्य आहे, मंडळी. हे नाव आधी शोधा.