चहाच्या वेळची पेटी

उमा : थांब, थांब. यात पेटी कुठाय?

यज्ञेश : तेच तर सांगतोय, उमाआजी. काढली. आता फक्त आजीचा आवाज, एकदम क्लीन. हेडफोन नीट लावा, तंबोरासुद्धा ऐकू येणार नाही.

उमा : तंबोरा मी धरला होता.

यज्ञेश : सॉरी. तुमचा काही प्रॉब्लेम नाही हो. सॉफ्टवेअरच तसं आहे. गाणारा आवाज एका फाइलमध्ये, बाकीचं सगळं दुसऱ्या.

उमा : बाकीचं म्हणजे?

यज्ञेश : तबला, पेटी, पंखा, कोणाचा खोकला. माइक पेटीच्या नाकासमोर होता ना, आणि आजी बिचारी मागे कुठेतरी. लहानपणापासून ती टेप ऐकतोय, पेटीच पेटी! आता नेटवर टाकल्यावर लोकांना कळतंय माझी आजी काय गायची ते. इथे अंबरनाथमध्ये कुत्रं विचारत नव्हतं तिला, आणि आता कॅनडातून मेसेज येतात. हेमनट राग एवढा वेळ गायलेला ऐकलाच नाही म्हणतात.

उमा : विनिता गायलीच होती तशी. मी काय परकी आहे सांगायला? मांडीला मांडी लावून बसायचे तिच्या. पण मी हेमनटासाठी नाही आले, बाळा. फोनवर बोलले होते तुला. मध्ये चहा झाला, तेव्हा ह्यांनी जे वाजवलं, ते हवंय मला.

यज्ञेश : आण्णांनी? चहाच्या ब्रेकमध्ये कोण कशाला रेकॉर्ड करेल?

उमा : रेकॉर्ड करणारे तुझे आजोबा. दिनानाथराव कंपनीत एवढे मोठे ऑफिसर, पण कपबशीचा आवाज आला की सगळं टाकून स्वयंपाकघरात. मशीन बंद करायचं लक्षात राहील तर शपथ! स्पूल आपला फिरतोय. आणि ह्यांनी तेवढ्यात पेटीवर सावनी रागातली एक गत काढली. ह्यांच्या बुवांकडची. ती गाण्याच्या मागे कशी वाजवणार? आणि पेटीवाल्याला एकट्याला बैठकीला कोण बसवतो? 'लोक चहा घेतायत तोवर वाजवा काहीतरी,' म्हणायचे. तेवढीच ह्यांची मैफल.

यज्ञेश : आजी सांगायची त्याबद्दल.

उमा : काय सांगायची? बोल की. आता रागवायला ती नाही आणि रुसायला मला वेळ नाही.

यज्ञेश : म्हणायची, लोकांचा चहा निवायचा. कप हातात तसाच. आणि नंतर मी गायला बसले की सगळ्यांचे चेहरे वेगळेच.

उमा : निवायचा खरा. आणि ही बाई आठवडाभर आमच्याकडे फिरकायची नाही. मग एक दिवस सांज्याचा डबा घेऊन दारात उभी. ह्यांना म्हणायची, 'अवधूतराव, पुढच्या वेळी अर्धाच कप देणार आहे सगळ्यांना.' पण देताना पूर्णच द्यायची हो.

यज्ञेश : कसे आहेत आता आण्णा?

उमा : घरी आणलंय. इथे ठेवून उपयोग नाही म्हणाले दवाखान्यात. बोलणं तर दिवाळीनंतर गेलंच. शेवटचं धड वाक्य हेच. 'उमा, तो चहाच्या वेळचा तुकडा एकदा ऐकव.' मला वाटलं, ऐकवू सावकाश. कुठे पळून जातोय? आता माणसं ओळखत नाहीत. पण कान शाबूत आहेत आणि चादरीवर बोटं चालतात. चमचा पडला तरी मान वळवतात. बाळीला बसवून आलेय त्यांच्यापाशी. तीच रे, चामटोलीची, कामाला येते आमच्याकडे. खाली रिक्षा थांबवून ठेवलीय. तर तू असं कर, ते 'बाकीचं' मला दे.

यज्ञेश : उमाआजी, ती फाइल मी डिलीट केली.

उमा : बरं. मग मूळचं दे. स्पूलवरून उतरवलं ते.

यज्ञेश : ते पेन ड्राइव्हवर होतं. त्याच्यावर नंतर सोसायटीच्या गणपतीची गाणी टाकली.

उमा : आणि स्पूल?

यज्ञेश : बुरशी आली होती. आईला दमा आहे ना. भंगारवाल्याला दिले तिने. पण एक मिनिट. हरेशभाई! कॅम्प दोनमध्ये दुकान आहे, त्यांनीच उतरवून दिलं होतं. त्यांच्या मशीनमध्ये असेल. स्पीकरवर लावतो. हॅलो, हरेशभाई? यज्ञेश बोलतोय, अंबरनाथहून. ते माझ्या आजीचे स्पूल आठवतात?

हरेश : हां हां, बोलो साईं. वो बुढ्ढे टेप! वासाने माझं दुकान भरलं होतं. उदबत्ती लावली दोन दिवस.

यज्ञेश : त्याची कॉपी आहे का तुमच्याकडे? पूर्ण, जशी होती तशी?

हरेश : नाय ना यार. मी कुणाचंच ठेवत नाय. शादीचे व्हिडिओ एवढे येतात, जागा कुठे? माल दिला की साफ. तुमको दिया था ना पेन ड्राइव?

उमा : हॅलो, मी उमा बोलतेय. त्यात मध्ये नुसती पेटी होती. ती आली होती का सगळी?

हरेश : कोण, माताजी? हां, पेटी होती ना! मागे कपबशी वाजत होती, कोणी बाई बोलत होती 'साखर कमी घाल.' पहले मला वाटलं गाणं खतम, बंद करतो. मग हात नाय झाला. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला बोललो, ठहर जा. सूर-बीर आपल्याला कळत नाय, पण अच्छा बजाया. कोण होता तो?

उमा : आमचे हे.

हरेश : अच्छा, अच्छा. त्यांना बोला, हरेशने पूरा सुना. आणि काय काम?

उमा : काही नाही. तुम्ही ऐकलंत, बरं झालं. ठेव फोन, यज्ञेश.

यज्ञेश : उमाआजी, मी मुद्दाम नाही केलं. जिथे गाणं नाही ते सॉफ्टवेअर आपोआप कापतं. मी तपासलंपण नाही.

उमा : मला कळतंय रे. तू आजीसाठीच केलंस. लाव परत, तिचं तरी ऐकते.

यज्ञेश : हं. इथून.

उमा : बघ. खाली उतरताना आवाज हलतो तिचा. ऐकलंस?

यज्ञेश : एकाने लिहिलंयसुद्धा तसं. 'बाई खर्जात डळमळतात.' मी त्याला ब्लॉक केलं.

उमा : त्याला कशाला ब्लॉक करतोस? खाली उतरताना ती ह्यांच्या सुरावर टेकायची. ते काढून घेतलंस तर बाई डळमळणारच. आणि हे काय? इथे श्वास कुठे गेला तिचा? ही ओळ झाली की ती थांबायची, मग हे पेटीवर बोलायचे, मग ती मान हलवून पुढची ओळ घ्यायची. तू ओळीला ओळ चिकटवलीस. माणूस मध्ये शिरणार कुठून?

यज्ञेश : तुमचा फोन वाजतोय.

उमा : बाळी आहे. हा फोनही स्पीकरवर कर, मला ते बटण सापडत नाही. बोल गं, बाळी.

बाळी : आजी, तू कवा येतं? आजोबांचा सास कसातरीच लागलाय. वर वर घेतात. शेजारच्या काकी आल्यात, त्या बोलतात लवकर बोलव.

उमा : पाणी घेतलं?

बाळी : नाय. भायेर येतंय. डोलं मिटलंत.

उमा : बोटं हलतात का गं?

बाळी : हालतात. थोडी थोडी.

यज्ञेश : चला, मी बाइकवरून सोडतो. रिक्षापेक्षा लवकर पोचू.

उमा : पोचेपर्यंत राहतील का, हे तूही सांगू शकत नाहीस आणि मीही. बाळी, फोन त्यांच्या कानाशी धर. उजव्या. आणि हलवू नकोस. यज्ञेश, तुझा तो मोठा स्पीकर लाव. माझा फोन त्याच्याजवळ ठेव.

यज्ञेश : पण त्यात पेटी नाहीये, उमाआजी. काय ऐकणार ते?

उमा : विनिताला ऐकतील. तेवढं पुरतं त्यांना. उभ्या जन्मात दुसरं केलं काय? फक्त त्यांच्या जागा त्यांना दे. मी बोट वर केलं की थांबव, खाली केलं की सोड. जमेल?

यज्ञेश : जमेल.

उमा : मग कर सुरू.

(गाणं सुरू होतं.)

उमा : थांब. आता सोड. थांब. सोड. इथे जरा जास्त थांब, ती घोटभर पाणी प्यायची. सोड आता.

यज्ञेश : उमाआजी, हे एवढं सगळं लक्षात आहे तुमच्या?

उमा : तंबोरा धरणाऱ्याला दुसरा उद्योग काय असतो? थांब. सोड. बाळी, काय करतायत?

बाळी : बोटां हालतात, आजी. मघापेक्षा जास्त. काकी बघतात, रडतात.

उमा : काकींना म्हणावं, बाहेर जाऊन रडा. थांब. सोड.

यज्ञेश : हेमनट संपला. पुढे दादरा आहे. लावू?

उमा : नाही. मध्ये चहा झाला होता.

यज्ञेश : म्हणजे नुसतं बंद ठेवू? किती वेळ?

उमा : मी सांगते.

बाळी : आजी, गाणा बंद पडला! फोन कट झाला का?

उमा : नाही गं. तसाच धर. कान सोडू नकोस.

बाळी : आजी, आता दोनी हात करतात. उजव्याची बोटां चालतात. डावा असा फुडं-मागं, पंख्यानं वारा घालतात ना, तसा. काय मागतात का?

उमा : काही मागत नाहीत. भाता आहे तो पेटीचा. करू दे.

बाळी : मानपण हालवली जरा.

उमा : हं. वरच्या सुराला हलवतात. पुढे एकदा हलवतील परत, बघ.

बाळी : हालवली.

यज्ञेश : उमाआजी, बसा तुम्ही. पाणी देऊ?

उमा : श्श.

बाळी : आजी.

उमा : बोल.

बाळी : डावा हात खाली पडला. बोटांपण नाय हालत. काकी बोलतात, तुलस आण.

यज्ञेश : उमाआजी… दादरा लावू का? की बंद करू?

उमा : थांब रे जरा. लोकांचा चहा व्हायचाय अजून.