बाळंतिणीचं अंडं

— नाय, आत नको येऊ. तिथंच बस ओट्यावर. नि वही आधी पिशवीत टाक. टाकली? मग ऐक. गेल्या वेळी तू विचारत व्हतीस नि मी सांगत व्हती, आज मी विचारते. ही सगळ्या पाड्याची रीत हाय, हे तुला सांगितलं कोणी? मी? मी एकटी म्हंजे पाडा काय गो? पस्तीस घरं हायेत इथं. ह्या एका लहानी म्हातारीनं तोंड उघडलं नि तू पुस्तकात छापून मोकळी — ‘या भागात बाळंतिणीला अंडं देत नाहीत, अंगावरच्या बाळाला ते बाधतं अशी समजूत आहे.’ बघ, पाठ झालंय मला. बारा दिवस तेच डोक्यात वाजतंय. खर्डी टेशनावरून रिक्षा करून यायचीस, चार दिवस माझ्या चुलीपुढं बसलीस, रानातले करांदे कसे उकडता, सुकट कधी खाता, पोराला किती म्हयने अंगावर पाजता — सगळं सगळं विचारलंस. पण शेजारच्या भिमीला एक शब्द विचारलास? ती कामाला गेली व्हती म्हणून? मग थांबायचं व्हतं ती येईपर्यंत! तुझी गाडी चुकली असती, एवढंच ना?

काय झालं बोलतेस? अगो, अंगणवाडीत बाईनं तुझं पुस्तक वाचून दाखवलं. सगळ्या बाया बसलेल्या, माझी सून मीना तिच्या तान्ह्या पोरीला, कुणालीला, मांडीवर घेऊन पाजत व्हती. ते अंड्याचं आलं नि भिमी मोठ्यानं हसली — ‘कोणाच्या घरातली रीत गो ही? मी तर रोजचं अंडं खाल्लं, माझ्या पोराला काय झालं?’ मग सगळ्याच हसल्या. मीना नाय हसली. घरी आली, पोरीची झोळी सोडली, लुगड्याची घडी घातली, नि गेली म्हसा गावाला आईकडं. भांडली असती तर बरं झालं असतं, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या, मी चार दिल्या असत्या. माझा पोरगा मंगेश दोनदा जाऊन आला, नवऱ्याशी ती बोलते, सासूला निरोप नाय. तो मला विचारतो, आये, हे तू सांगितलं व्हतंस का? मी बोलली, त्या शहरातल्या बाईला काय कळतं, तिनं चुकीचं लिवलं.

हां, हां, मीच सांगितलं व्हतं! मग काय करू? तू विचारलंस तवा मीना तिथंच भाकऱ्या थापत व्हती, कान सगळा इकडं. तिला मी रोज तेच सांगत आलेली, तुझ्यापुढं येगळं कसं बोलू? — का सांगत व्हती म्हंजे? अंगणवाडीतनं तिचा डबा यायचा. भात, डाळ, वर एक उकडलेलं अंडं. पैल्या दिवशी तिला मळमळलं, तिनं ते ठेवलं. टाकायचं काय? मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला नि माझ्याच तोंडातून निघालं — नको खाऊ, पोरीला बाधंल. ती बिचारी हो बोलली. असे दोन म्हयने. — बघू नको अशी माझ्याकडं! चार बाळंतपणं झाली माझी. सासूनं पेजेचं पाणी दिलं नि पाचव्या दिवशी भाताच्या आवणीला चिखलात उभी केली. माझ्यापुढं कोणी अंडं ठेवलं नाय, कधीच नाय. अंगावर दूध नव्हतं, एक पोरगी गेली माझी त्यात. मला म्हायती नाय काय, दूध नसलं की काय व्हतं? नि तरी कुणाली ओढून ओढून रडायची, मीना बोलायची, आये, दूध पुरत नाय — तर मी तिलाच बोलायची, तुझ्या अंगातच नाय. तिचंच अंडं खाऊन बोलायची. लाज वाटते मला, काय समजलीस? पण तुझ्यापुढं नाय वाटत, तिच्यापुढं वाटते.

म्हणून तर अंगणवाडीच्या बाईच्या फोनवरून तुला बोलवून घेतली. तू म्हसाला जा. मीनाला सांग, ही जुनी रीत हाय, भिमीच्या घरात मोडली असंल, पण व्हती. तू शिकलेली, पुस्तकवाली, तुझं ती ऐकंल. मला माझी नात घरात पायजे, दुसरं काय मागत नाय. सांगशील ना? — मान काय हलवतेस? खोटं नाय बोलणार? वा गो वा! छापताना चाललं, आता सांगताना चालत नाय?

बरं. नको सांगू. मग खरं सांग जा. सांग तिला, रीतबीत काय नव्हती, सासूला भूक व्हती. असंच सांग, या शब्दात, तुझ्या पुस्तकाच्या भाषेत नको. नि पोर अंगानं भरलीय का ते बघ... नाय, मला सांगायला येऊ नको. ऊठ. ऊठ ना गो, बसलीस काय!